टिनं वाजायला लागली की…

आमच्या घरावर टिनं आहेत. पहिला थेंब पडला की टण्ण वाजतं, मग तडतड सुरू होते, आणि पाऊस धरला की बाजूच्या माणसाचं बोलणंही ऐकू येत नाही. पन्नास वर्षं मी या आवाजात गाढ झोपलो. आता पावसाळ्यात ढग आले की दिवसभर माझं अर्धं लक्ष टिनांकडे असतं.

२०२३ च्या जुलैमधला यवतमाळ जिल्ह्यातला पूर तुम्ही बातम्यांत पाहिला असेल. महागाव तालुक्यात आनंदनगर तांड्यावर माणसं पाण्यात अडकली होती. आमचं गाव तिथून फार लांब नाही. रात्री तीनच्या सुमारास नाला घरात शिरला. मी आणि पोरानं मायला खाटेसकट उचललं आणि शाळेच्या ओट्यावर नेऊन ठेवलं. परत येईपर्यंत कमरेइतकं पाणी झालं होतं. बकरी मीच खुंट्याला बांधली होती. दावं सोडायचं राहून गेलं. सकाळी पाणी उतरलं तेव्हा दावं ताठ ओढलेलं होतं, गाठ ओली होऊन दगडासारखी झाली होती, आणि मला ती विळ्यानं कापावी लागली. शेतातली दीड एकर पऱ्हाटी मातीसकट खरडून गेली. पण स्वप्नात पऱ्हाटी कधी आली नाही. दावंच येतं.

पंचनामे झाले, थोडीफार मदत आली, गाव कामाला लागलं. मीही लागलो. ऑगस्टमध्ये एका रात्री पाऊस सुरू झाला आणि माझ्या छातीत धडधड सुरू झाली. हाताच्या बोटांना मुंग्या आल्या, ओठ बधिर झाले, श्वास पुरेनासा झाला. मला वाटलं, संपलं आता. पोरानं मोटरसायकलवर मधे बसवून तालुक्याला नेलं. ईसीजी काढला, तो चांगला निघाला. डॉक्टर म्हणाले, "काका, हृदयाला काही झालेलं नाही. हा घाबरण्याचा झटका आहे." मला हायसं वाटायच्या ऐवजी लाजच वाटली. बाप माणूस, बैल आवरणारा, आणि पावसाला भितो!

त्या महिन्यात असे चार झटके आले. शेजारच्या गावातल्या एका जाणत्यानं "बाहेरचं आहे" म्हणून लिंबू उतरवलं आणि पैसे घेतले. त्याच्यापेक्षा जास्त लागलं ते आमच्याच एका नातेवाइकाचं बोलणं. "शेगावला जातेस, नाव घेतेस, तरी भेव कसं वाटते तुले? श्रद्धा कमी पडून रायली." हे वाक्य कोणी घाबरलेल्या माणसाला बोलू नये. त्या दिवसापासून पाऊस आला की मी भीतीला घाबरायचो, आणि वर देवालाही घाबरायला लागलो.

मग मी जप वाढवला. 'गण गण गणात बोते' भराभर, एका दमात, पिकावर फवारा मारावा तसा भीतीवर मारत राहायचो. माळ संपली की दुसरी. गंमत अशी, की जप जितका वाढला तितक्या मुंग्याही वाढल्या.

कारण कळलं ते आशाताईमुळे. ती बायकोला भेटायला आली होती आणि जाताना मला म्हणाली, "भाऊ, १४४१६ वर फोन करा. मनाच्या तरासासाठी सरकारचा नंबर हाय, टेली मानस. पैसे लागत नाईत, मराठीत बोलते." दोन दिवस मी तो नंबर खिशात घेऊन फिरलो. शेवटी गोठ्यामागं जाऊन लावला. पलीकडे एक बाई होत्या, आवाजावरून माझ्या पोरीएवढ्या असतील. त्यांनी आधी पुराचं सगळं ऐकून घेतलं. बकरीचंही. मग विचारलं, "झटका आला की तुम्ही काय करता?" मी जपाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "जप सोडू नका, फक्त श्वास घाईत घेऊ नका."

त्यांनी समजावलं ते असं. धोका वाटला की अंगात अॅड्रेनलिन सुटतं, छाती धडधडते, श्वास भरभर चालतो. फार भरभर चालला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि बोटांना, ओठांना त्या मुंग्या येतात. श्वास सोडताना हृदयाचे ठोके जरा मंदावतात, म्हणून घेण्यापेक्षा सोडणं लांब ठेवायचं. चार मोजत घ्यायचा, सहा मोजत सोडायचा. पाय खाली टेकवायचे, जमिनीचा गारवा जाणवू द्यायचा, तोंडावर गार पाणी मारायचं. झटका बहुतेक वेळा दहा मिनिटांत चढायचा तेवढा चढतो आणि मग उतरायला लागतो, त्याला ढकलत बसायचं नाही. जमलं नाही, किंवा जीव नकोसा वाटला, तर त्याच नंबरवर अर्ध्या रात्रीही फोन करायचा.

त्या रात्री मी मायला पाहिलं. ती ऐंशीच्या पुढची. खाटेवर पाय सोडून बसते, माळ पदराखाली. एक मणी, एक श्वास. 'गण गण' हळू, 'गणात' आणखी हळू, 'बोते' म्हणताना श्वास संपेपर्यंत ओढते, मग थांबते. इतकी वर्षं हे माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं आणि मी म्हणायचो, म्हातारी झोपेत जपते!

नागपूरला नर्सिंग शिकणाऱ्या माझ्या पोरीनं नंतर सांगितलं, की २००१ साली इटलीतल्या संशोधकांनी जपमाळ आणि मंत्र म्हणणाऱ्यांचे श्वास मोजले होते, तर ते मिनिटाला सहाच्या आसपास आले. मायला हे सांगितलं. ती म्हणाली, "मोजाले काय झालं होतं त्याईले?"

एका फोननं सगळं सरळ झालं असं नाही. पहिले पंधरा दिवस मी कोरड्या दिवसातच सराव केला, सकाळी ढोरं सोडायच्या आधी. फोनवरच्या बाईंनी तसंच सांगितलं होतं, आणि ते बरोबर होतं. भर पावसात नवं काही शिकता येत नाही. नंतर गावातल्या सामुदायिक प्रार्थनेलाही जायला लागलो. तुकडोजी महाराजांच्या प्रार्थनेत सगळे ओळीत बसतात, शेवटी थोडा वेळ शांत राहतात. त्या शांततेत बाजूच्याचा श्वास ऐकू येतो, आणि आपला त्याच्या चालीवर येतो. पुढच्या पुण्यतिथीला मोझरीला गुरुकुंजातही गेलो. ४ वाजून ५८ मिनिटांनी, महाराज गेले त्या वेळेला, एवढी मोठी गर्दी उभी राहिली आणि एकदम चूप झाली. मला वाटलं, इथंच झटका येणार. पायाखालची माती चाचपत राहिलो, श्वास मोजत राहिलो. समोरच्या म्हाताऱ्याच्या धोतराच्या काठावर एक मुंगी चढत होती. ती गुडघ्याच्या वर गेली तोवर मौन संपलं.

मी देवाला आता पाऊस थांबव म्हणत नाही. श्रद्धेचा आणि माझ्या छातीचा जो खटला मी चालवत होतो तो सोडला, एवढंच.

अजूनही दाराजवळच्या फळीवर प्लास्टिकच्या पिशवीत सातबारा, आधार आणि बॅटरी ठेवतो. बकऱ्यांना पावसाळ्यात सैल फास देतो, एका ओढीत सुटेल असा. बायको हसते.

परवा रात्री पुन्हा टिनं वाजली. छाती धडधडली, मी उठून पाय खाली टेकवले. सारवलेली भुई गार होती. 'बोते' लांबवलं. अंधारात मायचा आवाज आला.

"उठला का रे बापू?"

"हो."

"पाऊस हाय का?"

"हाय. जोराचा हाय."

"बकऱ्याईले पाहून ये मंग. आन येता येता मले पाणी दे."