पत्र्यावरचे दगड

21 मार्च 2024 ला सकाळी सहा वाजून आठ मिनिटांनी हिंगोली जिल्ह्यात 4.5 तीव्रतेचा भूकंप झाला, आणि अकरा मिनिटांनी 3.6 चा दुसरा. नांदेड-परभणीपर्यंत जमीन हलली. इथे पुण्यात मला जाग आली ती वसमतच्या मावशीच्या फोनने.

"तू त्याच्यातच काम करतीस ना बाई, मग सांग. हा मोठ्याच्या आधीचा हाय का? रातच्याला घरात निजावं का अंगणात?"

संध्याकाळपर्यंत सांगते म्हटलं आणि विद्यापीठ चौकातल्या गर्दीतून संस्थेत पोचले. भूकंपांच्या याद्यांतून पूर्वधक्के शोधणं हेच माझं काम. मोठ्या भूकंपाच्या आधी त्याच जागी नेहमीपेक्षा जास्त हालचाल होती का, हे मी तपासते. मागे वळून पाहिलं की असे धक्के सापडतात. जपानमध्ये 9 मार्च 2011 ला 7.3 चा धक्का बसला आणि दोन दिवसांनी 9.0 चा. पण 9 तारखेला तो 7.3 चाच मुख्य भूकंप वाटत होता. त्याच्या आलेखात 'माझ्यामागून मोठा येतोय' असं सांगणारी खूण नव्हती. तशी ती कुठल्याच पूर्वधक्क्यात आजवर खात्रीने सापडलेली नाही.

मावशीच्या प्रश्नामागे किल्लारी होती. 1992 च्या ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत तिथे लहान धक्क्यांची रांग लागली होती. 18 ऑक्टोबरचा धक्का जवळपास 4 तीव्रतेचा होता. मग जमीन गप्प झाली, आणि वर्षभराने, 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी, गणपती विसर्जन करून माणसं झोपलेली असताना 6.2 चा भूकंप झाला. जवळपास दहा हजार माणसं गेली. इतक्या लांब शांततेनंतर आलेल्या भूकंपाशी आधीच्या धक्क्यांचा संबंध होता की नाही, हे ठरवायला माझ्या गणितात आजही धड जागा नाही.

दुपारपर्यंत मी आकडे मांडत बसले. कॅलिफोर्नियातल्या अनुभवानुसार एखाद्या धक्क्यानंतर आठवड्याभरात त्याहून मोठा येण्याची शक्यता सुमारे 5 टक्के. पण तो भाग दोन भूपट्टांच्या सीमेवर, मराठवाडा पट्टाच्या पोटात. तिथला आकडा इथे कसा लावणार? आणि 4.5 नंतर किल्लारीएवढा यायचा तर साडेतीनशे पट ऊर्जा सुटायला हवी. असे भूकंप आपल्याकडे क्वचित होतात, म्हणून नोंदी थोड्या, आणि नोंदी थोड्या म्हणून शक्यताही नीट मांडता येत नाही.

जेवताना शेजारच्या खोलीतला मित्र भेटला. तो सौर वाऱ्यावर, म्हणजे सूर्याकडून सतत वाहणाऱ्या विद्युतभारित कणांवर काम करतो. पूर्वधक्क्याला इंग्रजीत फोरशॉक म्हणतात. फोरशॉक त्याच्याही विषयात आहे, पण तो अंतराळातला. 2015 मध्ये सोडलेल्या एमएमएस या नासाच्या मोहिमेतल्या चार यानांचे आलेख त्याने उघडले. सेकंदाला साधारण 400 किलोमीटर वेगाने येणारा सौर वारा पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला अडतो आणि सूर्याच्या बाजूला सुमारे 90 हजार किलोमीटरवर एक शॉक उभा राहतो, म्हणजे वारा एकदम मंदावतो अशी सीमा. तिचं नाव बो शॉक. तिथला प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित कणांचा वायू, इतका विरळ की कण एकमेकांवर जवळपास आदळतच नाहीत. काही कण शॉकवरून परततात आणि चुंबकरेषांच्या वाटेने उलटे, सूर्याकडे निघतात. येणाऱ्या वाऱ्यात ते घुसले की लाटा उठतात, बऱ्याचदा साधारण तीस सेकंदांच्या. शॉकच्या पुढचा हा खवळलेला भाग म्हणजे फोरशॉक. सौर वाऱ्यातल्या चुंबकरेषा तिरप्या असल्याने तो बहुधा पृथ्वीच्या पहाटेच्या बाजूला असतो. रेषांची दिशा फिरली की तोही जागा बदलतो.

"यान या लाटांत शिरलं की पुढे शॉक आहेच असं धरायचं का?" मी विचारलं.

"अगं, शॉक आहे म्हणून तर लाटा आहेत. यान तेव्हा ज्या चुंबकरेषेवर असतं ती शॉकला जोडलेली असते."

मी त्या आलेखाकडे बराच वेळ बघत राहिले. त्याच्याकडे शॉक आधीपासून उभा असतो आणि त्याची बातमी कणच पुढे घेऊन येतात. माझ्या लहान धक्क्याला मोठ्याशी जोडणारी अशी कुठली रेषा आहे? एक मत असं की लहान धक्के एकामागून एक ताण सरकवत मोठ्यापर्यंत पोचतात. दुसरं मत, जमिनीखालच्या भेगेलगतचा खडक आधीच खोलवर, आवाज न करता सरकू लागलेला असतो आणि लहान धक्के ही त्याची बाहेर दिसणारी खूण. दुसरं खरं असेल तर इशाऱ्याला आशा आहे. पण ते तपासायला खाली जायला हवं. मित्राची चार यानं लाटेच्या चहूबाजूंनी उडतात. आपण कोयनेजवळ गोठण्याला मोठ्या कष्टाने सुमारे तीन किलोमीटर खोल विवर खणलं आहे. हिंगोलीखाली तेवढंही नाही.

तिथेच मी आकडेमोड थांबवली. 2009 मध्ये इटलीत लाक्विला शहराला महिनोन्महिने लहान धक्के बसत होते. घाबरण्याचं कारण नाही, असं लोकांच्या कानावर घातलं गेलं. मग 6 एप्रिलच्या रात्री 6.3 चा भूकंप आला आणि तीनशेहून अधिक माणसं दगावली. 'काही होणार नाही' हे शब्द मला मावशीशी बोलायचे नव्हते.

संध्याकाळी फोन लावला. "मावशी, मोठा येईल का हे मला सांगता येत नाही, जगात कुणालाच येत नाही. शक्यता कमी आहे, पण आहे. मला सांग, पत्र्यावर दगड आहेत का?"

"हायत की. वाऱ्यानं पत्रे उडत्यात."

"ते उद्या सकाळी उतरवून घे, पत्रे नटबोल्टने आवळून घे. आणि जुन्या दगडमातीच्या खोलीत कुणी झोपू नका, पुढच्या सिमेंटच्या खोलीत झोपा."

किल्लारीत माणसं मेली ती मुख्यतः दगडमातीच्या जाड भिंती आणि जड माळवदाखाली. पत्र्यावरचे दगड काढा, असं आवाहन तिकडच्या प्रशासनानेही केलं होतं. मावशीला ते पटलं. "हे करता येतं," एवढंच ती म्हणाली.

त्याच वर्षी 10 जुलैला सकाळी सव्वासातच्या सुमारास हिंगोलीत पुन्हा धक्का बसला, तोही 4.5 चाच. मार्चच्या धक्क्याला पूर्वधक्का म्हणायला नंतरचा मोठा लागतो, म्हणून माझ्या यादीत त्याच्यासमोरचा रकाना अजून रिकामा आहे. मावशीच्या पत्र्यांना तोवर नटबोल्ट लागले होते. मागच्या दगडमातीच्या खोलीत आता फक्त कडबा असतो.