१:६४ मधलं 'टॉप हॅट': छप्पर उभं राहिलं

मंडळी, अमेरिकेत ओक्लाहोमातल्या शॉनी गावच्या 'टॉप हॅट' या ड्राइव्ह-इनचं (गाडीत बसूनच खायचं हॉटेल) माझं १:६४ मॉडेल, म्हणजे खऱ्याच्या चौसष्टाव्या भागाएवढं, पुढे सरकलंय. बेस रंगवून झाला, पार्किंगचे कप्पे आखले, छप्पर उभं राहिलं. इमारत मात्र अजून सनबोर्डचा (हलका फोमचा पुठ्ठा) पांढरा खोकाच आहे. तिची घाई नाही, कारण या जागेचा सगळा इतिहास पार्किंगमध्ये घडलाय.

ट्रॉय स्मिथ यांनी १९५३ मध्ये ही जागा घेतली ती तिथल्या स्टेकहाउससाठी. शेजारची 'टॉप हॅट' नावाची रूट बिअरची टपरी (ही 'बिअर' बिनदारूची बरं का) सोबत आली, आणि चालली तीच. गिऱ्हाइकं गाड्या वाट्टेल तिथे लावून चालत यायची. पुढे लुइझियानात एका ठिकाणी स्मिथ यांनी गाडीत बसूनच ऑर्डर देण्यासाठी लावलेले घरगुती बनावटीचे स्पीकर पाहिले आणि ते बनवणाऱ्यालाच गाठून शॉनीत तसेच बसवून घेतले. गाड्यांवर छप्पर आलं, गाड्या ओळीत लागायला लागल्या आणि गाडीपर्यंत खाणं पोचवणाऱ्या मुली आल्या. त्यांना तिकडे कारहॉप म्हणतात.

म्हणून माझा जीव त्या स्पीकरच्या डब्यांत अडकलाय. डबा म्हणजे सनमायकाचा ४ मिमी तुकडा, खांब म्हणजे टाचणी. उंची बेसपासून १७ मिमी, म्हणजे ड्रायव्हरच्या खिडकीशी बरोबर येते. तिकडे स्टिअरिंग डावीकडे, त्यामुळे डबाही प्रत्येक कप्प्याच्या डाव्या हाताला. आपल्या ॲम्बेसेडरवाल्याला तिथे बायकोच्या मांडीवरून ओणवं होऊन ऑर्डर द्यावी लागली असती!

कप्पे तिरपे, ४५ मिमी रुंदीचे. छपराला सायकलचे स्पोक लावलेत. २ मिमी जाडीचा स्पोक या स्केलला साधारण पाच इंची पाइप होतो आणि वाकतही नाही. वरचा पत्रा ३ मिमी सनबोर्डचा, पण कडा पॉलिश पेपरने उतरत्या केल्या, नाहीतर तो स्लॅब वाटतो. खिडकीला अडकवायचे ट्रे गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांच्या फॉइलचे. ते काम चिमट्याने आणि श्वास रोखूनच होतं.

साल मी १९५८ धरलंय. 'टॉप हॅट' नावावर आधीच दुसऱ्याचा हक्क असल्याचं कळल्यावर १९५९ मध्ये ते 'सॉनिक' (म्हणजे आवाजाचं) झालं. 'आवाजाच्या वेगाने सेवा' अशी जाहिरात ते आधीपासून करतच होते. १९५८ घेतलं की जुनी पाटीही राहते आणि माझी ५७ची शेव्हरोले बेल एअर ही खेळण्यातली गाडीही नियमात बसते. काटेकोर मंडळींनी तिची लांबी मोजू नये. खरी गाडी २०० इंची, म्हणजे १:६४ ला ७९ मिमी हवी. खेळण्याच्या कंपन्या सगळ्या गाड्या एकाच पाकिटात कोंबतात.

कागदी पिशव्याही करणार आहे, अगदी तांदळाएवढ्या. चार्ल्स पॅपी यांनी १९५६ मध्ये ओक्लाहोमातल्याच वुडवर्डला दुसरं टॉप हॅट काढलं आणि मग शाखा वाढत गेल्या. सुरुवातीच्या शाखांकडून रॉयल्टी घ्यायची रीत होती पिशवीमागे एक सेंट, आणि तीही पिशव्या पुरवणाऱ्या कागदवाल्यामार्फत! असा हिशोब काउंटरवर दिसायलाच हवा.

आता छपराखाली वॉर्म व्हाइट एसएमडी एलईडी (चिमुकले चपटे दिवे). वायर स्पोकच्या मागून खाली उतरवून बेसखालच्या बटन सेलला जोडेन. कारहॉपसाठी एस स्केल या मापाच्या माणसांच्या छोट्या आकृत्या मागवल्यात. त्या नेमक्या १:६४ असतात. मॉडेल रेल्वेवाल्यांच्या एचओ मापाच्या आकृत्या १:८७ च्या, या गाड्यांशेजारी त्या शाळकरी मुली वाटतात.