खिडकीच्या नव्या फिल्म: दिव्याची चाचणी, काचेचा प्रकार आणि हत्यारे

पश्चिमेकडे मोठ्या काचा असलेल्या घरांत उन्हाळ्याच्या दुपारी बसवत नाही आणि पडदे ओढले तर खोलीत अंधार होतो. काचेवर चिकटवायच्या, अतिसूक्ष्म सिरॅमिक कण असलेल्या आणि ‘नॅनो सिरॅमिक’ या नावाने मिळणाऱ्या नव्या पारदर्शक फिल्म या अडचणीवरचा खरा उपाय आहेत, असे माझे मत आहे. मात्र त्या ज्या पद्धतीने विकल्या जातात, ती मला मान्य नाही.

दुकानात एका पेटीत लाल उष्णतेचा दिवा लावलेला असतो. साध्या काचेमागे हात ठेवला की चटका बसतो आणि फिल्म लावलेल्या काचेमागे काहीच जाणवत नाही. ग्राहकाला खात्री पटते, पण त्या दिव्यातून बाहेर पडणारी ऊर्जा जवळजवळ सगळी अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्ण किरणांची असते. उन्हाचे तसे नसते. आपल्यापर्यंत येणाऱ्या सौर ऊर्जेचे शंभर भाग केले, तर ढोबळमानाने पन्नास भाग अवरक्त, पंचेचाळीस भाग दृश्य प्रकाश आणि उरलेले अतिनील किरण असतात. समजा, एखादी फिल्म ९० टक्के अवरक्त आणि जवळजवळ सगळे अतिनील किरण अडवते आणि ७० टक्के प्रकाश आत सोडते. तर एकूण हिशेबात तिने अडवलेली ऊर्जा साधारण ६३ टक्केच भरते. त्यातही काचेने शोषलेल्या उष्णतेचा काही भाग पुन्हा खोलीतच येतो, म्हणून प्रत्यक्ष लाभ याहून बराच कमी असतो. शिवाय पुष्कळदा जाहिरातीतला अवरक्ताचा आकडा संपूर्ण पट्ट्याचा नसून त्यातल्या एखाद्या सोयीच्या तरंगलांबीपुरता असतो. म्हणून विक्रेत्याकडे एकच आकडा आग्रहाने मागावा: एकूण सौर ऊर्जा किती टक्के अडते, म्हणजेच टीएसईआर. फिल्म किती गडद आहे, यावरून उष्णतेचा अंदाज बांधू नये.

जुन्या रंगीत फिल्म काही वर्षांत जांभळ्या पडतात. धातूचा थर असलेल्या फिल्म उष्णता चांगली परतवतात, पण रात्री आतून आरशासारख्या दिसतात आणि मोबाइलच्या संदेशलहरींना अडथळा करू शकतात. सिरॅमिक फिल्ममध्ये हे दोष नाहीत. थ्रीएम या कंपनीने तर धातू न वापरता दोनशेहून अधिक अतिसूक्ष्म थरांची फिल्म आणली आहे. गाडीच्या काचांना मात्र वेगळा नियम आहे: पुढच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आत आलाच पाहिजे.

घरासाठी फिल्म निवडण्याआधी काच ओळखणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. सिरॅमिक कण उष्णता परतवण्यापेक्षा शोषतात अधिक, त्यामुळे काचेचा मधला भाग तापून प्रसरण पावतो, तर चौकटीत दडलेली कड थंडच राहते. या ताणाने साधी काच कडेपासून तडकू शकते. विशेषतः ती कापताना कडेला टवका उडालेला असेल तर. आत तारेची जाळी असलेली काच आणि दुहेरी काच यांबाबत फिल्मच्या उत्पादकाचा लेखी तक्ता पाहिल्याशिवाय काम सुरूच करू नये. टफन्ड, म्हणजे तापवून मजबूत केलेली काच हा ताण सहज सोसते आणि तिच्या कोपऱ्यात बहुधा तसा शिक्का असतो.

हत्यारांत झालेला बदलही स्वागतार्ह आहे. संगणकावर चालणारे कापणीयंत्र, म्हणजे प्लॉटर, दिलेल्या मापाने फिल्म आधीच कापून देते, त्यामुळे काचेवर ब्लेड चालवावे लागत नाही आणि ओरखड्याची भीती उरत नाही. पॉलियुरेथेनच्या (रबरासारख्या लवचीक प्लास्टिकच्या) पात्याची, पाणी ओढून काढायची स्क्वीजी कडक प्लास्टिकच्या पट्टीपेक्षा पाणी अधिक एकसारखे बाहेर काढते. बॅटरीवर चालणारी, गरम हवा सोडणारी हीट गन गाडीच्या वक्र काचेसाठी सोयीची आहे, पण घरच्या सपाट खिडकीला तिची गरज क्वचितच पडते. इतके होऊनही फिल्म सरकवण्यासाठी लहान मुलांच्या शॅम्पूचे थेंब घातलेले पाणीच आजही उत्तम काम देते. चांगल्या कामाची खरी परीक्षा स्वच्छतेत असते. सरकत्या ॲल्युमिनियम खिडकीच्या रबरी पट्टीतली धूळ आधी काढली नाही, तर ती पाण्याबरोबर फिल्मखाली जाते आणि तिथे कायमची अडकते. कडेला दोनेक मिलिमीटर जागा मोकळी सोडावी, म्हणजे फिल्म चौकटीला घासून उचलली जात नाही.

फिल्म लावल्यावर काही दिवस दिसणारे धूसर डाग आणि पाण्याचे बारीक फुगे टोचू नयेत. ते पाणी वाळले की आपोआप जातात. पावसाळ्यात याला काही आठवडेही लागतात, म्हणून हे काम फेब्रुवारी-मार्चमध्ये करून घेणे सोयीचे.