पंजाला हात लावू न देणारा कुत्रा, नखं कापणं आणि टी-टच

पंजाला हात लागताच पाय ओढून घेणारा आणि नेलकटर दिसला की पलंगाखाली शिरणारा कुत्रा. त्याच्यासाठी मी टी-टच, म्हणजे बोटांनी कातडीवर छोटे गोल करायची पद्धत, वापरलं. लिंडा टेलिंग्टन-जोन्स यांनी ही पद्धत आधी घोड्यांसाठी बसवली. 1975 मध्ये त्या, माणसांना हालचालींतून शिकवण्याची पद्धत बसवणाऱ्या मोशे फेल्डेनक्राइस यांच्याकडे शिकायला गेल्या, आणि सावकाश, नेहमीपेक्षा वेगळ्या हालचालींतून शरीराला नवं शिकवायचं हा विचार तिथून आला.

आधी डॉक्टरांना दाखवायचं. एरवी हात लावू देणारा कुत्रा अचानक टाळायला लागला, तर बोटांच्या बेचक्यातली जखम, सांधेदुखी किंवा मोडकं नख असू शकतं. दुखत असताना कितीही हळुवार हात फिरवला तरी भीती वाढतेच.

मूळ क्रिया छोटी आहे. कुत्र्याच्या समोर न बसता बाजूला बसायचं, त्याच्यावर वाकायचं नाही. अंगठा टेकवून बाकीची बोटं किंचित वाकवायची आणि कातडीवर घड्याळाची तबकडी कल्पायची. सहापासून काट्यांच्या दिशेने पूर्ण फेरी, मग सहा ओलांडून नऊपर्यंत. म्हणजे सव्वा गोल, साधारण दोन सेकंदांत. क्षणभर थांबून हात उचलायचा आणि दुसऱ्या जागी ठेवायचा. बोटांबरोबर कातडी सरकली पाहिजे. बोटं केसांवरून घसरत असतील तर ते नुसतं गोंजारणं झालं. दाब स्वतःच्या मिटलेल्या पापणीवर सोसेल इतकाच. आपला श्वास अडकला की बोटंही ताठरतात, हे कुत्र्याला आपल्याआधी कळतं.

सुरुवात खांद्यापासून केली. खांदा, कोपर, मनगट आणि शेवटी पंजा. तीन-चार गोल झाले की हात काढून घ्यायचा आणि बघायचं: तो जवळ सरकतो की तोंड फिरवतो? माझ्या मते निम्मं काम या थांबण्यात आहे. या पद्धतीवरचं संशोधन तोकडं आहे, गोलांबद्दलचे दावे मात्र मोठे. पण ‘नको’ म्हटलं की हात खरंच थांबतो, हे कुत्रा नक्की शिकतो.

इथेच बहुतेकांची गफलत होते. कुत्रा हलत नाही म्हणजे शांत झाला, असं आपण धरून चालतो. तोंड घट्ट मिटलेलं, श्वास रोखलेला, डोळ्याच्या कोपऱ्यात पांढरा भाग दिसतोय, मधूनच ओठ चाटतोय: हा कुत्रा थिजलेला आहे. अशा वेळी कोपरावरून परत खांद्यावर यायचं किंवा सरळ उठायचं. कानांना हात लावलेला चालत असेल तर ते मुळापासून टोकापर्यंत अंगठा आणि तर्जनीत धरून हळू सरकवायचे. हाताचा तळवाच नको असेल तर बोटांच्या पाठीने गोल करायचे.

काही कुत्र्यांना इलॅस्टिक क्रेप बँडेजने बरं वाटतं. मधला भाग छातीवर, टोकं खांद्यांवरून नेऊन पाठीवर एकमेकांवरून ओलांडून पुढच्या पायांमागून पोटाखाली न्यायची आणि वर आणून कडेला बांधायची. गाठ पाठीच्या कण्यावर नको. दोन बोटं सहज आत गेली पाहिजेत. पहिल्यांदा पाचेक मिनिटं पुरे, आणि बांधून एकटं सोडायचं नाही. पुतळ्यासारखा उभा राहिला तर लगेच सोडायचं.

पंजावर गोल चालायला लागले की बंद नेलकटरच्या पाठीने तेच गोल. आवाजाची सवय व्हावी म्हणून दुरून काडेपेटीच्या काड्या कापायच्या आणि प्रत्येक ‘कट’नंतर खाऊ द्यायचा. मग एकच नख, एक-दोन मिलिमीटर, आणि सुट्टी. काळ्या नखात आतली रक्तवाहिनी दिसत नाही, म्हणून बारीक चकत्या काढायच्या. कापलेल्या तोंडावर मध्ये गडद ठिपका दिसला की थांबायचं. रक्त आलंच तर कॉर्नफ्लोर दाबून धरायचं आणि त्या दिवशी नेलकटर बाजूला ठेवायचा.

पुढचे पंजे जमले म्हणून मागचे जमतील असं नाही. तिथे मांडीपासून पुन्हा पहिला गोल.