तुसावरचे लाल डाग
पहाटे खुराड्यात डोकावल्यावर पंख पाडून, डोळे मिटून कोपऱ्यात एकटेच उभे असलेले पिल्लू दिसले, की मी आधी त्याच्या पायाखालचे भाताचे तूस तपासतो. गेल्या पावसाळ्यात त्या तुसावर रक्ताचे डाग होते. ३ आठवड्यांच्या पिल्लांत याचा अर्थ बहुधा रक्ती हगवण, म्हणजे आतड्यात वाढणाऱ्या आणि ओलसर तुसातून पसरणाऱ्या कॉक्सिडिया या सूक्ष्म परजीवींचा आजार. आजारी पिल्लू वेगळे केले आणि पशुवैद्यकांच्या सल्ल्याने सर्वांनाच पाण्यातून अँप्रोलियम हे त्यावरचे औषध दिले, कारण अशी पिल्ले खाणे सोडतात, पाणी मात्र बहुधा पितात. या काळात बी-१ जीवनसत्त्व देऊ नये, त्याने औषधाचा परिणाम कमी होतो. भांड्याभोवतीचे भिजलेले तूस मात्र मी उशिरा बदलले आणि ४ पिल्ले गेली.