बैठक संपली, विमानांचा हिशेब उरला

आमच्या संघटनेची आंतरराष्ट्रीय बैठक दर दोन वर्षांनी होते. गेल्या वेळी समारोपाला कुणीतरी ठराव मांडला, की विमानप्रवासातून झालेल्या उत्सर्जनाची भरपाई संघटनेने करावी. टाळ्या पडल्या, ठराव मंजूर झाला आणि काम सहचिटणीस म्हणून माझ्या गळ्यात पडलं. एका दुपारचं काम, असं मी धरून चाललो होतो. चार महिने लागले.

विमानाने आले होते ४३ जण. कुठून निघालात, विमान कुठे बदललं, कोणत्या क्लासने आलात, एवढंच विचारलं. 'प्रवासाचा मार्ग' या रकान्यात एका ज्येष्ठ सदस्यांनी नुसतं 'विमानाने' लिहून पाठवलं. क्लासचा रकाना तर निम्म्यांनी कोराच ठेवला, आणि नेमका तोच महत्त्वाचा. लांबच्या विमानात बिझनेस क्लासची एक सीट इकॉनॉमीच्या दोन-तीन सीटची जागा खाते, म्हणून इंधनही तिच्या नावावर तेवढंच जास्त मांडतात. शेवटी बोर्डिंग पासचे फोटो मागवले. दोघं रुसले.

इकाओच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या कॅल्क्युलेटरवर एकेक मार्ग टाकत गेलो. बेरीज ६१ टन कार्बन डायऑक्साइड. खजिनदारांनी लगेच हरकत घेतली, "एक किलो इंधन जाळलं तर ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड? इंधनापेक्षा धूर जड कसा?" जळताना हवेतला ऑक्सिजन कार्बनला येऊन चिकटतो, वाढलेलं वजन त्याचं, हे कागदावर मांडून दाखवेपर्यंत ते पुढे सरकू देईनात.

खरा वाद त्यानंतरचा. विमानामागे आकाशात उमटणारे पांढरे पट्टे आणि नायट्रोजनचे ऑक्साइड यांनीही तापमान वाढतं, पण इकाओच्या आकड्यात ते धरलेले नसतात. ब्रिटन सरकारच्या मार्गदर्शनात त्यासाठी १.७ ने गुणायला सांगितलंय. आधी तोच गुणक १.९ होता. म्हणजे शास्त्रातही आकडा अजून हलतोय. आम्ही १.७ धरला आणि १०४ टन ठरवले. एकाने विचारलं, "कोर्सिया योजनेत विमान कंपन्या भरपाई करतातच ना?" कोर्सिया ही आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठीची इकाओचीच भरपाई योजना. करतात, पण २०१९ च्या उत्सर्जनाच्या ८५ टक्क्यांवर जेवढं जाईल तेवढ्याचीच.

भरपाई म्हणजे कार्बन क्रेडिट विकत घेणं. एक क्रेडिट म्हणजे दुसरीकडे कुठल्यातरी प्रकल्पाने टाळलेला किंवा शोषलेला एक टन, तेव्हा १०४ क्रेडिट हवे होते. समितीला झाडं हवी होती. फोटो छान येतात. पण विमानाचा धूर आज सुटतो, रोप कार्बन धरेपर्यंत वर्षं जातात, आणि मध्येच वणवा लागला तर सगळं परत हवेत. त्यापेक्षा मी कमी लाकडात पेटणाऱ्या चुलींचा प्रकल्प सुचवला. त्यातही लाकूड किती वाचलं हा आकडा फुगवला जातो अशी टीका आहेच, म्हणून प्रत्यक्ष घरांत जाऊन केलेल्या मोजणीचा अहवाल मागून घेतला. तो वाचण्यात एक आठवडा गेला, त्याबद्दल तक्रार नाही.

पैसे भरले आणि सुंदर प्रमाणपत्र आलं. हिरवं पान, सोनेरी कडा, आमचं नाव. सिरीयल नंबर मात्र कुठेच नाही. मागून घेतला, क्रेडिटची नोंद ठेवणाऱ्या रजिस्ट्रीत टाकून पाहिला, तर समोर 'ॲक्टिव्ह'. म्हणजे आमचे १०४ क्रेडिट अजून बाजारात जिवंत होते. उद्या दुसऱ्या कुणालाही विकता आले असते. क्रेडिट 'रिटायर' केल्याशिवाय, म्हणजे पुन्हा विकता येणार नाही असं कायमचं बाद केल्याशिवाय भरपाई होतच नाही, आणि हे क्रेडिट विकणाऱ्या मध्यस्थाने आपणहून सांगितलं नव्हतं. तीन आठवडे ईमेल चालू होते. मग एका सकाळी तीच नोंद 'रिटायर्ड' झालेली दिसली, लाभार्थी म्हणून संघटनेचं नाव आणि बैठकीचं वर्ष. स्क्रीनशॉट काढून ठेवला.

अहवालात अध्यक्षांना 'कार्बन-न्यूट्रल बैठक' असं ठळक छापायचं होतं. मी ते खोडलं आणि लिहिलं: इकाओनुसार ६१ टन, १.७ गुणक, १०४ क्रेडिट रिटायर, आणि खाली सिरीयल नंबर. हे फार रुक्ष दिसतं म्हणाले. पण छापलं तसंच.