नोंद : पाण्यात बुडालेला क्लू

मी मराठीत गूढ शब्दकोडं रचतोय : प्रत्येक क्लूत उत्तराची सरळ व्याख्या, शिवाय शब्दांच्या खेळातून तेच उत्तर बनवायची कृती, आणि कंसात अक्षरांची संख्या. मागच्या वेळी मोठ्या तोंडाने सांगितलं होतं की चौकटीचा डावा वरचा कोपरा झाला. झाला नव्हता. आडवा सातवा क्लू परत आलाय, आणि आठवडाभर मी त्या एकाच क्लूभोवती फिरतोय.

क्लू असा होता : ‘पाण्यात हत्तीचं डोकं, तपासणी करा (३)’. मी खूश होतो. हत्तीचं डोकं म्हणजे ‘ह’, तो ‘पाणी’त घातला की ‘पाहणी’. चित्रही छान उभं राहतं. नेहमीप्रमाणे आत्याला सोडवायला दिला. तिने लिहिलं ‘पाहण्या’. वर उभ्यातली ‘वेणी’ खुशाल ‘वेण्या’ करून टाकली, त्यामुळे चौकटीनेही तिला अडवलं नाही. मी म्हटलं, अगं, तपासणी एकवचनी आहे. ती म्हणाली, “तू ‘पाण्यात’ लिहिलंस, मी ‘पाण्या’त घातलं. ‘पाणी’ लिहिलंयस कुठे?”

बोलतीच बंद.

आफ्रिट या इंग्रज कोडेकाराने १९४९मध्ये कोडेकारांना हेच बजावलं होतं : बोलतोस ते मनात असलंच पाहिजे असं नाही, पण मनात आहे ते बोललेलं असलंच पाहिजे. इंग्रजीत ‘इन’ (‘आत’) वेगळा उभा राहतो, शेजारच्या शब्दाला हात लावत नाही. आपला ‘त’ शब्दाला चिकटतो आणि चिकटण्याआधी त्याचं सामान्यरूप करतो. म्हणजे कच्चा माल क्लूमध्ये अख्खा उरतच नाही. (झिमेनेस या काटेकोर इंग्रज कोडेकाराच्या पठडीतले लोक ‘इनडीड’ फोडून ‘इन डीड’, म्हणजे ‘डीड’च्या आत, असं वाचायला नाक मुरडतात. आपल्याकडे जोडून लिहिणं हाच नियम, त्यामुळे ती तक्रार इथे लागू नाही. आपलं दुखणं वेगळं.)

पहिला उपाय अवतरणचिन्हांचा. ‘पाणी’त हत्तीचं डोकं. व्याकरण शुद्ध, कारण शब्द हा शब्द म्हणून आला की सामान्यरूप टळतं. पण चित्र मेलं, चिन्हं पाहताच सोडवणारा सावध होतो. ती काढली तर ‘पाणीत’, म्हणजे सरळ चूक. विरामचिन्हांकडे दुर्लक्ष करायला सोडवणाऱ्याला सांगायचं, हा संकेत मला मान्य आहे, पण इथे चिन्ह रूपच बदलतं. ते सजावट राहत नाही.

दुसरा : ‘जळात हत्तीचं डोकं’. जळ म्हणजे पाणी, विकार (रूपबदल) झाला तो समानार्थी शब्दाला, माल शाबूत. न्याय्य आहे. पण हत्ती जळतोय असं वाचलं जातं. रद्द.

तिसरा सुचला तो रात्री. सगळं उलटं करायचं : माल प्रथमेत ठेवायचा आणि विकार सूचनेच्या, म्हणजे काय करायचं ते सांगणाऱ्या शब्दांच्या, गळ्यात बांधायचा. ‘हत्तीच्या डोक्याभोवती पाणी’. डोक्याचं काय व्हायचं ते होवो, ‘पाणी’ कोरडं राहिलं! आता व्याख्या कुठे? ‘...पाणी? तपासणी!’ असं लिहून पाहिलं, पण ती दोन चिन्हं म्हणजे नुसता मसाला. प्रश्नचिन्ह मी व्याख्या लंगडी असेल तेव्हाच देतो, उद्गारचिन्ह अख्खा क्लूच व्याख्या असेल तेव्हा. स्वतःचे नियम स्वतःच कसे मोडू?

आणि हे लिहिता लिहिता जमलं : ‘तपासणीत हत्तीच्या डोक्याभोवती पाणी (३)’. ‘तपासणी’ स्त्रीलिंगी ईकारान्त, ‘त’ लागला तरी जशीच्या तशी. एकही विरामचिन्ह नाही! आत्याला पाठवलाय.

आता सगळी चौकट याच नजरेने तपासतोय. ‘दासाला उलटा करा, नेहमी’ मोडला, त्याजागी ‘नेहमी उलटतो दास (२)’ आला. सदा. हा मला इतका आवडलाय की दोनदा मोठ्याने वाचला. ‘जसा गरजला पोटातलं अथांग पाणी (३)’ हा तसाच ठेवतोय : ‘जसा गरजला’च्या पोटात ‘सागर’. लपलेल्या शब्दाला विकाराची भीती नाही, आणि देवनागरीत मोठी अक्षरं नसल्याने ‘सागर’ हे मुलाचं नाव म्हणूनही वापरता येतं. इंग्रजीवाल्यांना विशेषनामाचं मोठं अक्षर लपवायला मनाई आहे. आपल्याला ती चैन फुकट.

साधनांबद्दल : ते चौकट जुळवणारं ॲप काढून टाकलं. ‘पाहणी’ला पाच घरं देतं, काना आणि वेलांटी वेगळी मोजून. ‘हत्ती’लाही पाच, हलन्त धरून. चौकटीची वही, मऊ पेन्सिल, बस्स.

‘वानर’मधून ‘नवरा’ काढायचा क्लू मात्र अजून बाजूलाच. अक्षरांची अदलाबदल म्हणावी तर काना एका अक्षरावरून दुसऱ्यावर उडी मारतो, आणि ते न सांगता खपवणं ही चोरी. सांगून पाहिलं : काना शेवटी नेला की ‘वनरा’ होतो, व आणि न यांची जागा बदलायची राहतेच. एका क्लूत दोन हुकूम. ‘उडी’ हा शब्द वानराला शोभतो, तिथून काही निघतं का बघतो.